उतारावर लावलेली जीप

माझ्या आत्याकडे डिझेलची एक जुनी जीप आहे आणि ती सकाळी चालू होत नसे. एका वाक्यात संपणाऱ्या या गोष्टीवर अख्ख्या गावाने चार वर्षं काढली. तेवढ्या काळात गावात पाण्याची टाकी झाली, सरपंच बदलले, डोंगराच्या अंगाला मुंबईकरांची फार्महाऊस उभी राहिली. पण सकाळी चहाचा कप हातात धरून माणसं मनापासून बोलायची ती एकाच विषयावर, बाईंच्या जीपवर.

बाई म्हणजे आत्याच. तिची सगळी नोकरी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये झाली. त्यामुळे रस्त्यात भेटणारा चाळिशी-पन्नाशीचा माणूस तिचा विद्यार्थी असण्याची दाट शक्यता असते, आणि तो विद्यार्थी असेल तर तिला बघून हातातली विडी पाठीमागे लपवील याची खात्री असते. वय बहात्तर. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी मागे ठेवलेलं घर गळत नाही, शेत खंडाने दिलेलं आहे आणि जीप आत्या स्वतः चालवते. पदर खोचून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ती कर्जतच्या बाजारात शिरली की रिक्षावाले आपल्या रिक्षा न सांगता मागे घेतात. आदराने घेतात की जिवाच्या भीतीने, हे मी विचारलेलं नाही. काही आदर न तपासलेलेच बरे.

आत्याचं घर डोंगराच्या पायथ्याशी, चढावर. दारापासून वेशीपर्यंत सरळ उतार. जीप या उतारावर, नाक खाली करून उभी करायची आणि पुढच्या चाकाला मोठा दगड लावायचा, ही काकांची पद्धत. एकदा बॅटरी मेली होती आणि नवी आणायला काकांना सवड होत नव्हती, तेव्हा त्यांनी ही युक्ती काढली. दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, गियर टाकून क्लच सोडायचा. पुढे नवी बॅटरी आली, तिच्यानंतर आणखी दोन आल्या, काका गेले; पण गाडीचं नाक उताराकडेच राहिलं. का, असं कुणी विचारलं नाही. आमच्या घराण्यात एखादी गोष्ट दुसऱ्यांदा केली की ती परंपरा होते.

सकाळचा प्रयोग असा चाले. आत्या किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा लाल दिवा लागायचा, ती मनात वीस आकडे मोजायची आणि सेल्फ मारायची. घर्र, घर्र, घर्र. धूर नाही, धडधड नाही, काही नाही. मग दगड काढायचा. जीप मुकाट्याने उतरत जायची आणि खाली वेशीवर, शेंदूर लावलेल्या देवासमोर आली की अचानक खोकलायची, हादरायची आणि लागायची. रोज तिथेच. याचा अर्थ काय, हे गावाला सांगावं लागलं नाही. जीप लागली की शेजारपाजारचे हात जोडायचे. दर अमावास्येला नारळ फुटू लागला. एका यंत्राने माणसांना इतकं धार्मिक केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मात्र गेल्या वर्षी देवाचंही लक्ष उडालं. जीप कधी त्याच्या समोर लागे, कधी पुढे जाऊन, कधी लागतच नसे. मग सपाट रस्त्यावर ढकलायला माणसं बोलवावी लागत. तीही आत्याचीच जुनी मुलं. ती त्यांना उंचीप्रमाणे उभं करायची.

"उंच मागं, बुटके बाजूला. तू मधी कशाला घुसतोस रं? शाळेतही असाच घुसायचास."

"बाई, आता नातवंडं हायत मला."

"मग त्यांना तरी रांग शिकव."

हे सगळं मजेत चाललं असतं. पण एका दुपारी अख्खं गाव हळदीला खोपोलीला गेलं होतं आणि नेमका तेव्हा आत्याचा पाय मागच्या दारच्या पायरीवरून घसरला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. ती लंगडत जीपपर्यंत गेली, दगड काढला, उतारावरून आली आणि जीप देवासमोर येऊन थांबली. लागली नाही. ढकलायला कुणी नाही, फोन वर घरात राहिलेला. दीड तास आत्या सुजलेला पाय घेऊन स्टिअरिंगमागे बसून राहिली, तेव्हा कुठे पाववाला मोटारसायकलवरून आला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. पावांच्या जाळीला टेकून.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला हे कळलं आणि तो त्याच आठवड्यात आला. स्वभावाने गरीब, पण पाठ करून आलेला.

"आई, तू माझ्याकडे ये. इथे तुझ्याजवळ कुणी नाही."

"गाव आहे की."

"गाव हळदीला जातं."

आत्याने सुजलेला पाय पातळाखाली ओढून घेतला. शेवटी दोघांचं ठरलं. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी सातला तो येणार. जीप होती तिथेच उभी, चाकाला दगड लावलेला. ढकलायचं नाही, घरंगळू द्यायचं नाही. नुसत्या किल्लीवर तीन वेळा सेल्फ मारायचा. लागली तर आत्या इथे राहील आणि तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही लागली तर आत्या बॅग भरून त्याच्या गाडीत बसेल.

"कितवा मजला तुझा?" तिने विचारलं.

"अकरावा."

"बरं," आत्या म्हणाली. तिने एकदा बरं म्हटलं की झालं. वर्गात जाहीर केलेली छडीसुद्धा तिने कधी रद्द केली नव्हती.

यात माझा काय संबंध? मी कर्जतजवळ भिसेगावला राहतो, दर रविवारी आत्याकडे गावठी कोंबडीचा रस्सा ओरपतो आणि जेवणानंतर तिच्या ओसरीवर घोरतो. अकराव्या मजल्यावर असली ओसरी नसते. तेव्हा निव्वळ मायेपोटी मी जीप दुरुस्तीची मोहीम हाती घेतली.

पहिल्या आठवड्यात मला कळलं की आपल्या भागात आजारी गाडीइतकं डॉक्टरांचं सुख कुणाला नाही. एकाने हीटर प्लग सांगितले, बदलले. दुसऱ्याने सेल्फचे कार्बन घासलेत म्हणून सांगितलं, तेही बदलले. तिसरा बॉनेटला कान लावून बराच वेळ उभा राहिला आणि "आत काहीतरी हाय" एवढं सांगून गेला. त्याचं म्हणणं आजतागायत खोडता आलेलं नाही. आतेभाऊ पुण्याहून व्हिडिओ पाठवत होता. त्यांत परदेशातला एक गोरा माणूस पांढरे हातमोजे घालून गाडी उघडायचा, आणि ती गाडी आत्याच्या देवघरापेक्षा स्वच्छ असायची. मीही मागे राहिलो नाही. थंडीने डिझेल गोठतं, असा शोध लावून मी दोन रात्री बॉनेटवर गोधडी घातली. सकाळी गोधडीत मांजर व्यालेलं सापडलं. गाडी लागली नाही, पण घरात चार माणसं वाढली म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांत थोर निदान शेजारच्या गिरणीवाल्याचं. तो पीठ झटकत यायचा, जीपकडे बघायचा आणि मान हलवायचा.

"बाई, गाडीचं तोंड दक्षिणेला हाय. दक्षिणेला तोंड करून कुणाचं भलं झालंय? फिरवा, उत्तरेला करा. लगेच लागंल."

आत्या आणि मी, दोघंही शिकलेली. आम्ही इतकं हसलो की आत्याला ठसका लागला. ती म्हणाली, "अरे, तुझ्या गिरणीचं तोंड कुठं आहे? म्हणूनच पीठ जाडं येतं वाटतं." तो बिचारा तोंड पाडून गेला. हा आमचा विजय मी पुढचे चार-पाच दिवस भेटेल त्याला रंगवून सांगितला.

मग आम्ही खऱ्या मिस्त्रीकडे गेलो. खालापूरला नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे, वडिलांपासूनचं. त्यांचं घराणं मूळचं खाली समुद्राकडचं, कोकणी मुसलमानांचं. गाडीवर हात ठेवण्याआधी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणणारा, कमी बोलणारा माणूस. अर्थात आत्याच्या चौथीच्या वर्गातला. तिला बघताच त्यांनी हात पुसले आणि उभे राहिले.

"ठेवा बाई. उद्या सकाळी इंजन थंड असताना बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. त्यांनी माझ्यासमोर किल्ली फिरवली. जीप पहिल्या सेल्फला लागली. नुसती लागली नाही, अशी लागली की जणू रात्रभर ती याच क्षणाची वाट बघत होती. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

"तक्रार काय हाय म्हणालात?"

मी जीप घेऊन आलो. घरी दुसऱ्या दिवशी घर्र, घर्र, घर्र. पुन्हा खालापूर. त्यांनी पाइप तपासले, वायसर बदलले, फिल्टर बदलला. सकाळी पहिल्या सेल्फला लागली. पुन्हा घर, पुन्हा घर्र. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गॅरेजमधली माणसं माझ्याकडे ज्या दयेने बघू लागली, ती दया मी ओळखतो. तब्येत ठणठणीत असून रोज दवाखान्यात येणाऱ्या माणसाकडे कंपाउंडर तसाच बघतो.

"आता गाडी नका आणू," मिस्त्री म्हणाले. "मीच येतो. माझ्याकडं हिला काय बी होत नाय. घरी काय होतं ते बघायला पायजे."

ते आले शनिवारी सकाळी. रविवारी परीक्षा. आत्याने आदल्या संध्याकाळी माळ्यावरची बॅग काढून झटकून ठेवली होती. भरली नव्हती, पण झटकली होती. मी ती बघितली आणि माझ्या तोंडून एकही विनोद निघाला नाही. घरातल्यांनी ही घटना नोंदवून ठेवायला हवी.

मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही. जीपभोवती एक फेरी मारली. उताराकडे पाहिलं. मग किल्ली. घर्र, घर्र, घर्र. त्यांनी मान डोलावली, जणू ओळखीचा माणूस भेटला. फिल्टरवरचा स्क्रू पाना लावून सैल केला आणि हाताने छोटा पंप मारू लागले. स्क्रूपाशी फेस आला. साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे.

"एअर," ते म्हणाले. "डिझेलबरोबर हवा जातेय. माझ्याकडं थेंबभर हवा नव्हती."

मग ते जीपखाली सरपटत गेले आणि डिझेलच्या टाकीवर बोटाने टकटक करू लागले, डॉक्टर पाठीवर करतात तसं. पुढच्या बाजूला भरीव आवाज. मागच्या बाजूला ढब ढब, रिकाम्या डब्यासारखा. ते बाहेर आले. अंगाला माती, चेहऱ्यावर काही नाही.

"बाई, डिझेल किती टाकता?"

"दहा लिटर. संपत आलं की पुन्हा दहा."

"आणि आधी?"

"आधी वीस टाकायचे, चार वर्षांपूर्वीपर्यंत तीस. आता फिरणं कुठं राहिलंय एवढं?"

"टाकी फुल का नाय करत?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, जणू प्रश्न मला होता. खूप वर्षांपूर्वी कुणीतरी उभ्या जीपमध्ये नळी घालून काकांचं डिझेल चोरून नेलं होतं. तेव्हापासून टाकी भरायची नाही, हाही घराचा नियम. चोर बहुधा आता म्हातारा झाला असेल, कदाचित आत्याचीच जीप ढकलत असेल. नियम तरुण होता.

मिस्त्री पायरीवर बसले. आत्याने चहा दिला होता, त्यातला अर्धा पिऊन झाला होता. त्यांनी ग्लास हळूच तिरका केला. चहा एका कडेला जमा झाला, दुसऱ्या कडेला काचेचा तळ उघडा पडला.

"टाकीतून डिझेल ओढणारा पाइप मागच्या अंगाला हाय," ते त्या उघड्या तळावर बोट ठेवून म्हणाले. "आणि गाडी तुमी नाक खाली करून लावता. डिझेल सगळं पुढं. पाइपाला मिळते हवा. खाली सपाटीला गेली की डिझेल परत मागं येतं, मग लागते. माझं गॅरेज सपाटीला हाय."

चार वर्षं ज्याला आम्ही इलाज समजत होतो, तोच आजार होता. देवासमोर जीप लागायची, कारण देव सपाटीवर बसला होता. डिझेल आणखी कमी टाकायला लागल्यावर पाइप खाली जाऊनही लवकर भरेना, म्हणून देवाचं लक्ष उडालं.

"बाई," मिस्त्री जरा घुटमळून म्हणाले, "चौथीत तुमी बाटली तिरकी करून दाखवली होतीत. आतलं पाणी कसं राहतं ते चित्र काढायला सांगितलं होतं. मी पाणी बाटलीबरोबर तिरकं काढलं, तर तुमी हातावर पट्टी मारली होतीत."

आत्या उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"मार."

मिस्त्रींनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि त्या तळव्यावर रिकामा ग्लास ठेवला. "थोडा आणखी असला तर बघा," ते म्हणाले.

आता इलाज. एक, टाकी भरायची. दोन, गाडी उलटी करून नाक वर ठेवायचं, म्हणजे असेल तेवढं डिझेल आपोआप मागे पाइपाशी येईल. नाक वर म्हणजे तोंड कुठे? मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. उत्तरेला. गिरणीवाल्याचं ऐकलं असतं तर जीप केव्हाच लागली असती. विज्ञानाच्या बाजूने आम्ही इतकं हसलो होतो, आणि शास्त्रातलं काहीही ठाऊक नसलेला तो माणूस अगदी बरोबर होता. अशा वेळी सुशिक्षित माणसाने काय करावं? चूक कबूल करावी? छे.

"टाकी भर," आत्या मला म्हणाली. "काठोकाठ. गिरणीवाल्याला कळता कामा नये."

"आणि चोरी?"

"झाकणाला कुलूप मिळतं, बाई," मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

रविवारी आतेभाऊ सातला पाच मिनिटं असताना आला. गावही आलं होतं, काम नसलेले ढकलणारे उंचीप्रमाणे कुंपणाशी उभे होते. सवयीने. मी आत्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं की काही सांगू नकोस, किल्ली फिरव आणि त्याचं तोंड बघ. मला नाटकाची आवड आहे, आणि इतका चांगला पडदा उघडायची संधी पुन्हा येणार नव्हती. पण आत्याने सगळ्यांसमोर त्याला जीपजवळ नेलं आणि टाकी, पाइप, उतार, सगळं समजावून सांगितलं. फळा तेवढा नव्हता.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "काल टाकी भरली. आता लागेल बहुतेक. तुला हे माहीत असायला हवं, म्हणून आधी सांगितलं. आता घे परीक्षा."

"मग परीक्षा कसली आई? लागणारच ती."

"घ्यायची म्हणजे घ्यायची."

ती आत बसली. लाल दिवा लागला. कुंपणाशी उभे असलेले ओठ हलवत वीस मोजत होते. किल्ली फिरली आणि जीप पहिल्याच झटक्याला लागली, अशा धडाक्याने की ओसरीखालचं मांजर पिल्लं टाकून पळालं. आरोळी उठली. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, जणू पाइप मीच शोधला होता.

आतेभाऊ मात्र हसला नाही. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "ठीक आहे. मी विषय काढणार नाही." हरलेला माणूस मी पुष्कळदा पाहिला आहे, बहुतेक वेळा आरशात. पण हा चेहरा तसा नव्हता. पुण्याला एकट्याने परत जायचं असलेल्या मुलाचा तो चेहरा होता.

आत्याने जीप बंद केली.

"इकडे बघ," ती म्हणाली. "एका परीक्षेवर कुणी वर्ष पास होत नाही. तू शिकलास ना एवढं? दर महिन्याला घटक चाचणी. पहिला रविवार, सकाळी सात. टाकी किती भरलीय, पाय कसा आहे, सगळं तपासायचं."

"दर महिन्याला?"

"गैरहजर राहिलास तर पालकांना बोलावीन."

"पालक तूच आहेस."

"म्हणून तर सांगते."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम लवकर निघालो, हा येतो की विसरतो ते बघायला. पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. उतारावर जीप नव्हती, नुसता दगड होता. आतेभावाची गाडी मात्र अंगणात, दवाने भिजलेली. म्हणजे काल रात्रीच आला होता. गिरणीवाला ओटा झाडत होता.

"कुठं गेली दोघं?" मी विचारलं.

"कर्जतला, भाजीला. पोरगा चालवत होता," तो म्हणाला. "बाई शेजारी बसून वरडत हुत्या. पार वेशीपर्यंत ऐकू येत हुतं."

"काय ओरडत होत्या?"

"हळू घे रं, हळू घे, घाई कशाची हाय."